घरातलं गरम पाणी आणि विजेचं बिल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोसायटीच्या कमिटीत पाणी आणि वीज ही दोन्ही खाती एकाच माणसाच्या गळ्यात पडली, की दिवाळीपासून होळीपर्यंत त्याला एकच विषय पुरतो: गरम पाणी. आमच्या पुण्यातल्या सोसायटीत गेली काही वर्षं तो माणूस मी आहे. लिफ्टमध्ये, जिन्यात, लग्नाच्या पंगतीतसुद्धा तेच ते प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. हिशेब चौघांच्या घराचा आणि बादलीने आंघोळ करणाऱ्यांचा धरला आहे.

गीझर बदलायचाय. कुठला घेऊ?

कुठला ते नंतर. आधी घरात रोज किती बादल्या गरम पाणी लागतं ते मोजा. एक आठवडाभर, प्रामाणिकपणे. दुकानदार विचारतो, "घरात माणसं किती?" आणि लगेच २५ लिटरचा गीझर नाहीतर २०० लिटरचा सोलर पुढे करतो. पण पाणी माणसांत नाही, बादल्यांत मोजायचं असतं. चौघांच्या घरात एक जण पहाटेच कामावर जाऊन तिकडेच आंघोळ करत असेल, एक जण बारा महिने गार पाण्याने करत असेल, तर गरज निम्मी. उलट घरात शॉवरखाली गाणी म्हणणारा एकच तरुण असला तरी सगळा हिशेब कोलमडतो.

एका बादलीला वीज किती लागते?

एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी उष्णता लागते आणि एक युनिट विजेतून ८६० किलोकॅलरी मिळतात. थंडीत गच्चीवरच्या टाकीतलं पाणी साधारण २० अंश धरा, अंगावर घ्यायचं ४० अंशाचं. २० लिटरच्या बादलीला ४०० किलोकॅलरी, म्हणजे अर्ध्या युनिटला थोडी कमी. इकडचंतिकडचं नुकसान धरून अर्धं युनिट म्हणू.

चार बादल्यांचे रोज दोन युनिट, महिन्याला साठ. ऐकायला फार वाटत नाही. पण महावितरणचं घरगुती बिल टप्प्यांनी चढतं: १०० युनिटपर्यंत एक दर, १०१ ते ३०० ला त्याहून बराच चढा, पुढे आणखी चढा. दिवे, पंखे, फ्रिज, टीव्ही एवढ्यात पहिले शंभर संपतात. गीझरचे साठ युनिट येतात ते वरच्या टप्प्यात. म्हणून गरम पाण्यात वाचलेलं युनिट हे तुमच्या बिलातलं सगळ्यात महागडं युनिट असतं. हिशेब करताना बिलाला युनिटांनी भागून सरासरी दर काढू नका, शेवटच्या टप्प्याचा दर लावा.

साधा शॉवर मिनिटाला आठ-दहा लिटर पाणी सोडतो. दहा मिनिटं उभं राहिलं की चार-पाच बादल्या झाल्या. म्हणजे एका माणसाच्या अंगावर अख्ख्या घराचं पाणी.

पाच तारेवाला गीझर घेतला की पाणी कमी विजेत तापतं ना?

नाही. हा गैरसमज फार पक्का आहे. पाण्यात बुडालेली कॉईल जेवढी वीज खाते, तेवढी जवळजवळ सगळी उष्णता पाण्यालाच देते. एक ताऱ्याची असो वा पाच ताऱ्यांची, बादलीला लागणारं अर्धं युनिट कुठलीही कंपनी कमी करू शकत नाही.

तारे सांगतात ते वेगळंच. तापलेलं पाणी न वापरता टाकीत ठेवलं, तर चोवीस तासांत किती उष्णता भिंतीतून निसटते, त्याचं ते मोजमाप. १५ लिटरच्या गीझरमध्ये हे नुकसान दिवसाला साधारण पाव ते पाऊण युनिट असतं. तेव्हा गीझर दिवसभर चालू राहत असेल, तर पाच ताऱ्यांचे पैसे वसूल होतात. सकाळी वीस मिनिटं लावून बंद करणाऱ्याच्या घरी फरक जेमतेम.

सारखा चालू-बंद केला की जास्त वीज लागते म्हणतात. खरं का?

खोटं. हे म्हणजे दूध वारंवार तापवायला नको म्हणून दिवसभर गॅसवर ठेवण्यासारखं. पाणी जितकं जास्त वेळ तापलेलं राहतं तितकं जास्त निवत राहतं आणि थर्मोस्टॅट ते पुन्हा तापवत राहतो. आंघोळीआधी लावा, झाली की बंद करा. दोन किलोवॅटची कॉईल १५ लिटर पाणी २० वरून ६० अंशावर साधारण वीस-बावीस मिनिटांत नेते. त्यात तेवढंच विसण घातलं की ३० लिटर, दीड बादली. दोघांनी लागोपाठ उरकली तर मधलं थंड होणंही वाचतं. आमच्याकडे पूर्वी बंब पेटला की "चला, एकामागोमाग एक" अशी हाक यायची, ती काही उगाच नव्हती.

थर्मोस्टॅट कितीवर ठेवू?

५५ ते ६० अंश. ७५ वर ठेवून मग बादलीभर विसण घालण्यात अर्थ नाही. उष्णता जास्त निसटते आणि क्षारही लवकर बसतात. पण बचतीच्या नादात ४० वरही आणू नका. साठवलेलं पाणी दिवसेंदिवस कोमट राहिलं तर त्यात लिजिओनेलासारखे जिवाणू वाढू शकतात.

इन्स्टंट गीझर बरा की साठवणीचा?

मोरीत हात धुवायला, भांडी घासायला इन्स्टंट उत्तम; पाणी साठून राहत नाही. आंघोळीला मात्र तीन किलोवॅटचा इन्स्टंट थंडीत मिनिटाला जेमतेम दोन लिटर पाणी ४० अंशापर्यंत तापवतो. बादली भरायला नऊ-दहा मिनिटं. बादलीवाल्यांना चालतं, शॉवरवाल्यांनी विचार सोडून द्यावा.

सोलरने वर्षाला १५०० युनिट वाचतात असं विक्रेता म्हणतो. वाचतात का?

हा आकडा येतो कुठून ते बघा. १०० लिटर पाणी २० वरून ६० अंशावर न्यायला साडेचार युनिटच्या वर उष्णता लागते. वर्षाचे तीनशे दिवस ऊन धरलं की चौदाशेच्या घरात गेलात. गणित चूक नाही. पण त्यात गृहीत असं धरलंय की ते शंभरच्या शंभर लिटर कढत पाणी तुम्ही रोज वापरता, आणि सोलर नसता तर तेवढं सगळं विजेवर तापवलं असतं.

चार बादल्यांच्या घराला ६० अंशाचं पाणी लागतं अवघं ४० लिटर, बाकीचं विसण. म्हणजे आंघोळीपुरती बचत वर्षाला पाचशे युनिटच्या आसपास. भांडी, कपडे, पाहुणे धरून सहाशे-सातशे म्हणा. ही बचत काही लहान नाही, कारण ती वरच्या टप्प्यातली आहे. पण १५०० च्या भरवशावर २०० लिटरचा सोलर घेतलात, तर जास्तीचं पाणी गच्चीवरच तापून गच्चीवरच निवेल. साध्या घराला १०० लिटर भरपूर होतो.

काचेच्या नळ्यांचा घ्यावा की सपाट पत्र्याचा?

पाणी खारं असेल, बोअरचं असेल, तर नळ्यांचा. नळीत क्षार साचले तरी काही वर्षं काम चालतं आणि नळ्या काढून धुता येतात. सपाट पत्र्याच्या सोलरमध्ये पाणी तांब्याच्या बारीक नळ्यांतून फिरतं. त्या तुंबल्या की संपलं. पाणी गोडं असेल, तर सपाट पत्रा जास्त वर्षं टिकतो आणि त्यावर माकडांनी उड्या मारल्या तरी सहसा निभावतो. नळ्यांच्या सोलरची एक खोड लक्षात ठेवा: टाकी कोरडी पडून नळ्या भर दुपारी उन्हात तापलेल्या असताना त्यात गार पाणी सोडलं, की काच तडकते. पाणी संध्याकाळी किंवा भल्या सकाळीच सोडायचं.

दोन्हींत पंप नसतो. तापलेलं पाणी हलकं होऊन आपसूक टाकीत चढतं, गार पाणी खाली उतरतं. म्हणून गरम पाण्याची टाकी नळ्यांच्या वर हवी आणि गार पाण्याची टाकी तिच्याही वर. तोंड दक्षिणेला. शेजारच्या इमारतीची सावली डिसेंबरात कुठपर्यंत येते ते डिसेंबरातच बघून घ्या. मे महिन्यात सगळ्याच गच्च्या उन्हात असतात.

आमच्या इमारतीला सोलर आहे, पण पहिल्या मजल्यावर गरम पाणी येईपर्यंत अर्धी बादली गार पाणी जातं. हे असंच असतं का?

असं असतं, पण असायलाच पाहिजे असं नाही. गच्चीपासून खालपर्यंत २५ मीटर एक इंची पाईप धरला, तर त्यात साधारण दहा लिटर पाणी मावतं. रात्रभर ते पाईपमध्ये निवतं. सकाळी तोटी उघडणाऱ्याच्या वाट्याला आधी ते दहा लिटर येतात. आमच्याकडे सोलरचं पाणी सकाळी सहा ते नऊ. खालच्या मजल्यावरच्या काकू पावणेसहालाच बादली लावून बसायच्या, आणि वार्षिक सभेत पहिला मुद्दा त्यांचाच असायचा. त्यांचं म्हणणं रास्त होतं. सोलरची देखभाल सगळे सारखी भरतात, पण तापलेलं पाणी वरच्या मजल्यावर दहा सेकंदांत आणि खाली पाच मिनिटांत.

उपाय तीन. पहिला, गरम पाण्याच्या पाईपला फोमचं जाड आवरण. गच्चीवरच्या भागाला त्यावर उन्हापासून वाचवणारा पत्रा किंवा टेप हवाच, नाहीतर दोन उन्हाळ्यांत फोमचा भुगा होतो. दुसरा, परतीची लाईन: खालच्या टोकाकडून एक बारीक पाईप परत टाकीला न्यायचा आणि पाण्याच्या वेळेत छोटा पंप टायमरवर चालवायचा, म्हणजे पाईपमध्ये पाणी फिरतं राहतं. आम्ही हेच केलं. खर्च झाला, कुरकुर झाली, पण काकूंचा मुद्दा सभेच्या विषयपत्रिकेतून गेला. तिसरा उपाय फुकट आहे: ते पहिलं गार पाणी दुसऱ्या बादलीत धरा, फरशीला वापरा.

ढगाळ दिवसांसाठी सोलरच्या टाकीत कॉईल बसवून घेऊ का?

घ्या, पण ती चालू कोण करणार आणि बंद कोण करणार हे आधी ठरवा. आमची गोष्ट सांगतो. एका श्रावणात सतत झड लागली होती, म्हणून इलेक्ट्रिशियनला सांगून टाकीतली कॉईल सुरू केली. स्वीच टाकीच्या मागे, गंजक्या डब्यात, त्यावर चिकटपट्टी. पाऊस सरला, गणपती गेले, नवरात्र झालं. दिवाळीच्या तोंडावर खजिनदारांनी कॉमन मीटरचं बिल टेबलावर आपटलं, तेव्हा कुणाच्या तरी डोक्यात प्रकाश पडला. गच्चीवर गेलो, चिकटपट्टी उचलली, तर स्वीच चालू.

यात वीज दुहेरी वाया जाते. सकाळी पाणी वापरलं की टाकीत गार पाणी येतं आणि ऊन वर यायच्या आत कॉईल ते तापवून ठेवते. सूर्य येतो तेव्हा त्याला कामच उरत नाही. लख्ख उन्हाच्या दिवशीही सोलर रिकामा बसतो.

त्यापेक्षा टाकीतली कॉईल बंदच ठेवावी आणि ज्याला गरज वाटेल त्याने आपल्या बाथरूममध्ये छोटा गीझर ठेवावा. ज्याचं पाणी, त्याचं बिल. सोलरची लाईन गीझरमधून न्यायची असेल, तर त्या गीझरला तापलेलं पाणी आत घेतलेलं चालतं का, हे कंपनीला विचारा आणि गीझर टाळून जाणारी लाईनही ठेवा.

मालवणला घर आहे. तिथे सोलर लावू का?

मला विचाराल तर नको. पुणे, नाशिक, सातारा, संभाजीनगर या देशावरच्या गावांत थंडी पडते तेव्हा आभाळ निरभ्र असतं. गरज आणि ऊन एकाच वेळी येतात, म्हणून सोलर तिथे शोभतो. कोकणात आणि गोव्यात जून ते सप्टेंबर सूर्यदर्शन दुर्मीळ, आणि ऊन कडक असतं तेव्हा टाकीतलं पाणीच इतकं ऊन असतं की ते निववून घ्यावं लागतं. सोलरला खरं काम डिसेंबर-जानेवारीचं. तेवढ्यासाठी छोटा गीझर पुरे. बारमाही गरम पाणी लागत असेल, घरगुती खानावळ किंवा पर्यटकांच्या खोल्या असतील, तर हीट पंप बघा.

हीट पंप म्हणजे नक्की काय?

उलटा फ्रिज. फ्रिज आतली उष्णता ओढून मागच्या जाळीतून बाहेर टाकतो. हीट पंप बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून टाकीतल्या पाण्यात टाकतो. वीज लागते ती पाणी तापवायला नाही, उष्णता वाहून न्यायला. म्हणून एक युनिट विजेत साधारण तीन युनिटची उष्णता मिळते. हवा जितकी उबदार आणि दमट, तितकं काम सोपं. कोकणची हवा त्याला मानवते. पुण्यात मी तर सांगेन, पहाटे दहा-बारा अंशात तो चालवूच नका. टायमर दुपारी एक ते चारचा लावा. चांगल्या आवरणाच्या टाकीत पाणी सकाळपर्यंत गरम राहतं.

अडचणीही सांगतो. किंमत साध्या गीझरच्या कितीतरी पट. पाणी तापायला मिनिटं नाही, तास लागतात. एसीच्या बाहेरच्या डब्यासारखा आवाज येतो, तेव्हा शेजाऱ्यांच्या बेडरूमच्या खिडकीखाली बसवू नका. २०० लिटरची टाकी भरली की पाण्याचंच वजन २०० किलो. बाल्कनी ते पेलेल का, हे इंजिनिअरला विचारा, प्लंबरला नाही. चार बादल्यांच्या घराला हा खर्च लवकर निघत नाही. आठ-दहा माणसांचं घर, शॉवर, किंवा घरी विजेचे सोलर पॅनेल असतील, तर हिशेब बदलतो. पॅनेलची दुपारची वीज आणि दुपारी चालणारा हीट पंप ही जोडी चांगली जमते.

सोलर वॉटर हीटरला सरकारी सबसिडी आहे ना?

केंद्र सरकारची पाणी तापवण्याच्या सोलरची सबसिडी २०१४ मध्येच बंद झाली. २०२४ मध्ये आलेली 'पीएम सूर्यघर' योजना विजेच्या पॅनेलसाठी आहे: दोन किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे ३०,००० रुपये, तीन किलोवॅट आणि त्यापुढे जास्तीत जास्त ७८,०००. "सूर्यघरमधून गरम पाण्याचा सोलर बसवून देतो" असं सांगून कुणी आगाऊ पैसे मागितले, तर दार लावून घ्या. पुणे महापालिका मात्र सोलर, गांडूळखत, पर्जन्यजल संधारण अशा प्रकल्पांवर मिळकत करात ५ ते १० टक्के सवलत देते. अट एकच, प्रकल्प चालू हवा. नळ्या फुटलेला सोलर दाखवून सवलत घेणारे आहेत; त्यातले होऊ नका.

गॅस गीझर स्वस्त पडतो म्हणतात.

१४.२ किलोच्या सिलिंडरमधून साधारण तीनशे बादल्या निघतात. तेवढ्याच बादल्यांना वीज दीडशे युनिट. तुमच्या शेवटच्या टप्प्याचा दर दीडशेने गुणा आणि सिलिंडरच्या भावाशी ताडून बघा. बहुतेक वेळा गॅस स्वस्त निघेल.

तरीही बाथरूमच्या आत गॅस गीझर नकोच. ज्योत बंद खोलीतला प्राणवायू खाते, मग गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साईड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणसाला गरगरतं, वाटतं गरम पाण्याने आलं असेल, आणि कडी आतून लावलेली असते. अशाने दर हिवाळ्यात माणसं जातात. गीझर बाहेर, मोकळ्या हवेच्या बाल्कनीत बसवायचा आणि फक्त पाण्याचा पाईप आत घ्यायचा. तशी जागा नसेल, तर विजेचाच घ्या.

बादलीत टाकायची रॉड?

विजेच्या दृष्टीने वाईट नाही, जेवढं पाणी तेवढीच वीज. जिवाच्या दृष्टीने वाईट. अर्थिंग तपासलेलं हवं, मुख्य बोर्डात विजेची गळती होताच आपोआप बंद पडणारा ३० मिलीअँपिअरचा ब्रेकर हवा. पाणी तापलं का हे बोट घालून बघायच्या आधी बटण बंद करून पिन काढायची. घरात लहान मूल असेल, तर रॉड भंगारात द्या.

आमचं पाणी फार खारं आहे. गीझर दोन वर्षांत आवाज करायला लागतो.

कॉईलवर क्षारांचा थर बसलाय, त्याखाली पाणी उकळतं आणि खडखडतं. वर्षातून एकदा कॉईल साफ करून घ्या, आणि त्याच वेळी आतली मॅग्नेशियमची कांडी बघा. ती स्वतः झिजून टाकीला गंजण्यापासून वाचवते. कांडी संपली की टाकीचा नंबर लागतो. कांडी शे-दोनशे रुपयांना मिळते, पण ती बदला असं कुणी आपणहून सांगत नाही.

गावाकडे तांब्याचा बंब आहे. काढून टाकायचा का?

शेतातली वाळकी फाटी, करवंट्या, सोडणं, तुरीच्या तुराट्या फुकट असतील आणि बंब अंगणात किंवा उघड्या पडवीत असेल, तर काढायचं कारण नाही. विकतचं लाकूड जाळत असाल, किंवा धूर घरात येत असेल, तर मात्र काढा; पहाटे धुरात खोकत पेटवणारी बाई कोण असते हे आपण सगळे जाणतो. पेटवायला प्लास्टिकच्या पिशव्या घालू नका. आणि मधल्या नळीतली राख रोज झाडा, नाहीतर ओढ कमी होऊन धूरच जास्त.

सोलरचं पाणी उन्हाळ्यात फार कढत येतं. आई ऐंशीची आहे, भीती वाटते.

भीती बरोबर आहे. एप्रिल-मेमध्ये पाणी कमी वापरलं जातं, त्यामुळे टाकीत ते ७० अंशाच्याही पुढे जातं. नळ्यांवर जुनी चादर टाकून निम्म्या झाका. उन्हाळ्यापुरतं तेवढं पुरतं. आणि बादलीत आधी गार पाणी घ्यायचं, मग वरून गरम. आईंच्या बाथरूममध्ये गरम पाण्याच्या तोटीला लाल रंगाची पट्टी लावून द्या. आमच्याकडे नेलपॉलिश लावलंय.